मागच्या सालचा कागद

२१ मे १९३८

नापास. दुसऱ्यांदा.

भुजंग सकाळी परतूरहून सायकल हाणत आला. मॅट्रिकच्या निकालाचा सरकारी जरीदा, म्हणजे गॅझेट, काल तिथे पोचला म्हणे. "पुरी यादी दोन बार बघितली गड्या. तुझं नाव न्हाई." त्याचं स्वतःचं आहे. बिचाऱ्याला आनंद लपवता येत नव्हता आणि मला तोंड.

दिवसभर मळ्यातल्या चिंचेखाली बसून राहिलो. जेवायलाही गेलो नाही. पुढे लिहवत नाही.

२२ मे

पास! पास! पास!

त्या भुजंगाला काय म्हणावं! आज सहज विचारलं, माझ्या नंबराच्या मागचा-पुढचा कोण पास झाला? तर म्हणतो, "नंबर कोन बघतो? नाव बघितलं. रामकिसन वल्द पुंजाराम. न्हाई."

पण मी आता वल्द पुंजाराम, म्हणजे पुंजारामचा मुलगा, आहे कुठे? दिवाळीनंतर दत्तक गेलो ना मी! दत्तकाच्या पंगतीला हाच गडी माझ्या शेजारी बसून सात पुरणपोळ्या खाऊन उठला होता. पोळ्या लक्षात राहिल्या, कशाच्या होत्या ते विसरला.

त्याच्याच सायकलवर मागे बसून परतूर गाठलं. स्टेशनमास्तरांनी जरीदा पुन्हा काढून दिला. तिसऱ्या पानावर, खालून सहावं — रामकिसन वल्द रखमाजी. नंबरही बराबर. बोट ठेवून चार वेळा वाचलं. परत येताना सायकल मी हाणली आणि भुजंग मागे बसून वाटभर माफी मागत होता.

तरी त्याचा राग येत नाही. सहा महिने झाले, माझं मलाच कुठे अंगवळणी पडलंय? मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, थोरले भाऊ रखमाजी, यांना मूलबाळ नाही. त्यांनी मला मांडीवर घेतलं. सतरा वर्षांचा घोडा मी! त्यांचे गुडघे दुखतात म्हणून बसलो कसला, अर्धा उभाच होतो. त्या एका दिवसात घरातल्या चौघांची नावं बदलली. मोठे बाबा झाले बाबा आणि मोठी आई झाली आई. 'मोठे' तेवढं गळालं, ते सोपं गेलं. पण माझी आई झाली काकू आणि आबा झाले काका. हे काही जिभेवर चढत नाही. म्हणून मी आबांना हाकच मारत नाही. काम असलं की नुसता समोर जाऊन उभा राहतो.

साखर बाबांच्या घरून वाटली. मान त्यांचा. आबांचं घर भिंतीला भिंत लावून आहे, पण त्यांनी काही वाटायचं नाही, अशी रीत. संध्याकाळी गोठ्याकडे गेलो तर काकूने — छे, इथे कोण बघतंय! — आईने माझ्या मुठीत गुळाचा खडा ठेवला आणि शेणाची पाटी उचलून निघून गेली.

२३ मे

आज काहीही केलं नाही. पास झालेला माणूस नुसता बसला तरी कुणी बोलत नाही, हे नव्याने कळलं.

२८ मे

टपालाने नंबरांचा कागद, म्हणजे गुणपत्रक, आला.

उर्दू ४१! मागच्या साली २९ होते. ३३ लागतात. चार नंबरांनी अख्खं वर्ष गेलं होतं. शाळेत सगळं उर्दूत, घरी मराठी आणि बैलांशी तिसरीच भाषा, असा माझा अभ्यास. या वर्षी रोज वीस ओळी उर्दू लिहून काढली. बोटाला घट्टा पडला. त्या घट्ट्याचे हे बारा नंबर.

इंग्रजी ५२. ठीक.

गणित ५८. हे वाचून मात्र खाली बसलो. गणिताच्या दिवशी मला हिवताप होता. जालन्याच्या त्या हॉलमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत माझे दात वाजत होते. शेवटची तीन उदाहरणं मला दिसलीच नाहीत. म्हणजे कागदावर होती, मला दिसली नाहीत.

मागच्या सालचा कागद ट्रंकेतून काढून शेजारी ठेवला. त्यात उर्दूत नापास आणि गणितात ९४. यात सगळ्यांत पास आणि गणितात ५८. दोन्ही कागद मिळून एक बरा विद्यार्थी होतो.

औरंगाबादच्या कॉलेजात सायन्सला जायचंय मला. तिथे गणिताचे नंबर बघतात. बाबा आज जेवताना सरळ बोलले, "घेतलं कालेजात तर शीक. म्या आडवा येत न्हाई. पर न्हाई घेतलं तर मंग शेतात ये. तिसऱ्यांदा वाट बघनं न्हाई." रागाने नाही बोलले. वाढत्या वयाचा माणूस हिशेबाने बोलतो तसं बोलले. त्यांनी तरी मला मांडीवर कशाला घेतलंय? मळा कुणीतरी बघावा म्हणूनच ना.

३१ मे

जालन्याला जाऊन आलो. भालचंद्र मास्तरांना भेटलो. मला गणित यांनीच शिकवलं. ५८ ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पोहे दिले. 

त्यांच्याकडे कॉलेजचं पत्रक आलेलं. सायन्सला तीस जागा. अर्जात एक रकाना आहे : याआधी मॅट्रिकला बसला होता काय? असल्यास त्या वेळचा नंबरांचा कागद जोडावा. खाली बारीक अक्षरात — एकदा नाकाम झालेल्यांचा विचार, बाकीच्यांना जागा देऊन उरल्या तर.

सोबत भुजंग होता. परतताना गाडीत तो म्हणाला, "यात इचार करून राह्यलास कशाचा? एका कागदावर वल्द पुंजाराम, एकावर वल्द रखमाजी. दोन कागद, दोन बाप. मंग पोरं बी दोनच! नापास झाल्तं ते येगळंच कुनीतरी. कोन सांगनार हाय?"

कुणीच नाही सांगणार. तेच तर! यादीत नाव हुडकताना याच वल्दने मला नापास केलं होतं. आता तेच वल्द मला कधी नापास न झालेला करणार.

हा रकाना कसा भरू, असं मास्तरांना मी तिथेच विचारलं होतं. ते म्हणाले, "मला विचारू नकोस रामकिसन. विचारलंस तर मी खरं लिही म्हणणार, आणि जागा गेली की तू जन्मभर मला दोष देणार."

४ जून

लिहिलं. रकान्यात 'नाही' लिहिलं. दोन अक्षरं, पण टाक तीनदा बुडवावा लागला.

वडिलांची सही हवी होती. बाबांनी ओसरीवर घोंगडी अंथरली, पागोटं घातलं आणि मगच टाक हातात घेतला. मोडीत रखमाजी लिहायला त्यांना बराच वेळ लागला. बाप म्हणून ही त्यांची पहिली सही. आई — म्हणजे मोठी आई, तुळजाबाई — दारात उभी राहून बघत होती. सही वाळेपर्यंत तिने कुणाला फुंकरही मारू दिली नाही.

आबा पायरीवर चंची उघडून पान लावत बसले होते. सगळं झाल्यावर हळूच म्हणाले, "मागच्या सालचा कागद लागला न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बराबर न्हाई लागला?"

"न्हाई लागला."

"बरं झालं. मंग तो मला दे."

मी म्हटलं, त्यात नापास लिहिलंय, त्याचं काय करणार? तर म्हणाले, "लिव्हलं असू दे. त्याच्यावर माझं नाव हाय न्हवं? कुठं हाय ते दाव."

दाखवलं. उर्दू त्यांना येत नाही, मोडीही येत नाही. त्यांनी नावावर बोट ठेवलं, कागदाची घडी घातली आणि चंचीत पानाच्या बाजूला सरकवली.

मला कसंतरीच झालं. मग रागही आला. आता नावाची आठवण येते! दत्तकाच्या वेळी एका शब्दाने अडले नाहीत. उलट घाई त्यांचीच. बाबा म्हणत होते, माघात करू, सवडीने. आबांनी पिच्छा पुरवून ते कार्तिकातच उरकून घेतलं. माझा परीक्षेचा फॉर्म जायच्या आत सगळं झालं पाहिजे, हा धोशा. बाबांचा मळा लवकर आपल्या पोराच्या नावावर यावा, दुसरं काय! मांडीवर बसलो त्या दिवशी जन्मदाती आई पदराने डोळे पुसत होती आणि आबा आचाऱ्याशी वरणातल्या मिठावरून वाद घालत होते. घरी माझा थोरला भाऊ कडूबा आहेच शेत बघायला, मग दुसरा दिला काय, ठेवला काय. हे मी कुणाला बोललो नाही. इथे लिहितो आणि वही मिटतो.

५ जून

परतूरहून अर्ज रजिस्टरने टाकला. पोस्टातून बाहेर आल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. भुजंगाने भजी खाऊ घातली. गार होती.

१५ जून

बोलावलं! सोमवारी, २० तारखेला, वडिलांसह हजर राहावे.

बाबा म्हणाले, "पुंजारामला बी घेऊ. औरंगाबाद त्यानं एकदा बघितल्यालं हाय, म्या एकदा बी न्हाई." म्हणजे माझ्यासोबत दोघे. एकाला बाप म्हणायचं आणि दुसऱ्याला काही म्हणायचं नाही, असा माझा प्रवास होणार.

२० जून, औरंगाबाद, धर्मशाळा

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

दहाला कॉलेजात पोचलो. बाबा आणि आबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मला आत बोलावलं. तिघे होते. मधले गणिताचे प्रोफेसर, उंच, सावळे, तुर्की टोपी घातलेले. बाजूला एक कारकून अर्जांचा गठ्ठा घेऊन. सगळं बोलणं उर्दूत. माझं उर्दू अडखळलं नाही, घट्टा कामाला आला.

प्रोफेसरांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं. मी सोडवलं. दुसरी रीत येते का, विचारलं. तीही केली. मग त्यांनी माझा अर्ज हातात घेतला, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "हे येतं, आणि नंबर अठ्ठावन्न?"

हिवताप होता म्हणालो. ते हसले. रोज कुणी ना कुणी त्यांना हिवताप सांगत असणार. म्हणाले, "याहून चांगले नंबर कधी पडलेत तुम्हाला?"

आता खरं लिहितो. माझं मन खरेपणाने वगैरे भरून आलं नव्हतं. मला ते हसणं सोसलं नाही आणि ते ९४ गिळवले नाहीत, एवढंच! तोंडातून निघून गेलं, "चौऱ्याण्णव. मागच्या साली. तेव्हा उर्दूत नापास झालो होतो."

खोलीत पंखा ओढणाऱ्याचा दोर तेवढा करकरत होता. कारकुनाने अर्ज उचलून तो रकाना बघितला. "इथे तर 'नाही' लिहिलंय."

"खोटं लिहिलंय," मी म्हणालो.

प्रोफेसर आता हसत नव्हते. म्हणाले, "कागद आहे?"

बाहेर आलो. आबांच्या समोर जाऊन उभा राहिलो. "तो कागद," म्हणालो.

"लागला का?"

"लागला."

त्यांनी लगेच चंची सोडली. पानाच्या बाजूची घडी काढून दिली. 

आत जाऊन घडी उघडली तेव्हा लाजच वाटली. कागदाला काताचा डाग पडलेला, तंबाखूचा वास सुटलेला. आणि 'पुंजाराम' लिहिलंय तिथे बोट फिरवून फिरवून शाई फिकी झालेली. सोळा दिवसांत.

कारकुनाने दोन्ही कागद शेजारी धरले. "हा रामकिसन वल्द पुंजाराम. हा वल्द रखमाजी. हा दुसराच कुणी दिसतो. ९४ वाल्याचा कागद उचलून आणलात काय?"

हे मला सुचलंच नव्हतं! नापास लपवायला जे वल्द कामाला आलं, तेच आता ९४ माझे नाहीत म्हणून उभं राहिलं. मी दत्तकाचं सांगू लागलो, पण घाबरलो की माझं उर्दू पळून जातं. प्रोफेसर म्हणाले, "वडिलांना बोलवा."

"कुठल्या?" असं मी विचारलं. मूर्खासारखं. तिसरे गृहस्थ त्यावर खोकले, की हसले, कळलं नाही.

दोघेही आत आले. कारकुनाने कागदावरच्या 'पुंजाराम'वर बोट ठेवून मला विचारलं, "हे तुमचे कोण?" काका म्हणायला हवं होतं. रीतीने तेच खरं. मी म्हणालो, "वडील." म्हणालो आणि बाबांकडे बघायचा धीर होईना.

बाबांना उर्दू तोडकंच येतं. पण प्रश्न त्यांना बरोबर कळला होता. पागोटं सावरून, अर्धं मराठी अर्धं हिंदुस्तानी करून म्हणाले, "बराबर हाय साहेब. तवा ह्यो बाप व्हता, आता म्या हाय. बाप दोन हायेत. पोरगं एकच हाय."

प्रोफेसरांनी कारकुनाला नवा अर्ज द्यायला सांगितलं. मला म्हणाले, "खरं लिहा. दोन्ही कागद जोडा. नापास झालेल्यांच्या यादीत जाल. जागा उरल्या तर बघू." आणि दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "दुसरी रीत चांगली होती."

जागा बहुतेक गेली. तरी तिथून निघालो तेव्हा भूक लागली. कित्येक दिवसांनी सपाटून लागली! धर्मशाळेत आठ भाकरी खाल्ल्या. बाबा म्हणाले, "अरं, आमाला बी ठिव."

२१ जून

घरी. कागद कॉलेजने ठेवून घेतला. आबांची चंची रिकामी झाली. त्यांनी त्याचा विषयही काढला नाही.

२८ जून

काही नाही. पेरणी. बाबा मला मळ्यात तिफणीमागे उभं करतात आणि टपालवाला दिसला की स्वतःच आधी बांधावर जातात.

५ जुलै

मिळाली. सायन्सची जागा मिळाली!

पत्र आलं, आणि भालचंद्र मास्तरांचंही वेगळं कार्ड आलं. त्यांनी औरंगाबादेत चौकशी केली. एकदाही नापास न झालेल्यांत गणिताचे साठाच्या वरचे नंबर असलेली पोरं सव्वीसच निघाली. साठाच्या खालच्या कुणालाच सायन्सला घेतलं नाही. चार जागा उरल्या. त्या मागे ठेवलेल्यांच्या यादीतून भरल्या. तिथे मागच्या वेळचे नंबरही धरले, आणि त्या यादीत माझं नाव पहिलं.

म्हणजे तो कागद लपवला असता तर मी ५८ घेऊन पहिल्याच रांगेत उभा राहिलो असतो आणि तिथूनच घरी आलो असतो. तिफणीमागे. हे कार्ड तीनदा वाचलं. भुजंगाला सांगितलं. तो म्हणाला, "माझी अक्कल तू ऐकत न्हाईस हे बरं हाय."

बाबांनी पत्र वाचून घेतलं, मग कडूबाला हाक मारली आणि तिफण त्याच्या हाती दिली. एवढंच. पण दुपारी आई — तुळजाबाई — सांगत होती, "सकाळधरनं गुनगुनत व्हते. लगीन झाल्यापून म्या कधी ऐकलं न्हवतं."

आज साखर दोन्ही घरांतून वाटली. आबांच्या घरून काढा, असं बाबाच म्हणाले. काकूने — माझ्या आईने — सगळ्या गल्लीदेखत माझ्या तोंडात खडा घातला. साखरेचा नाही, गुळाचाच.

आता डोळे मिटतात. सव्वा वर्षात असं निवांत वाटलं नव्हतं.

९ जुलै, परतूर स्टेशन, गाडीत

आबा तांब्या भरायला नळावर गेले तेव्हा बाबा खिडकीशी आले.

"तुला सांगू नको म्हन्ला व्हता. पर आता जाऊन राह्यलास, तर ऐक. दत्तकाचं म्या काढलं न्हवतं. पुंजारामच आल्ता माझ्याकडं. हितं परतुरात कुनी तरी त्याला सांगितलं, नापासाचा डाग नावाला लागतो, पोराला जल्मभर मागं ठिवतात. मला म्हन्ला, दादा, पोराला तुमचं नाव द्या. फारम जायच्या आत द्या. म्हंजी त्यो पुन्हा कोरा व्हईल."

 तो कागद मी मागितला तेव्हा आबांनी चंची सोडायला जरासुद्धा वेळ लावला नव्हता.

आबा तांब्या घेऊन आले. खिडकीतून आत दिला. म्हणाले, "सांडू नको." गाडी हलली. ते तोंड फिरवून उभे राहिले, वाद घालायला इथे आचारी नव्हता.

मी हाक मारली. आबा!

त्यांनी ऐकलं नाही, की आपल्याला नसेल असं वाटलं त्यांना. बाबांनीच त्यांना कोपराने ढोसलं. "आरं बघ की. तुला बोलावून राह्यलाय."